हवालदाराचा रक्तदाब

सातारा जिल्ह्यांतील ज्या गांवीं माझी शिक्षकाची उभी हयात गेली, त्या गांवांत घरटीं एक तरी माणूस पलटणींत असावयाचा. त्यामुळें मी शाळेंतून निवृत्त झाल्यावरही जुने विद्यार्थी माझ्याकडे येतात, ते बहुधा हातांत एखादा सरकारी लखोटा घेऊनच. असाच एक जण कांहीं वर्षांपूर्वीं आला. चोवीस वर्षें नोकरी करून 2019 सालीं तो हवालदार म्हणून घरीं परतला होता. लखोटा दोन वर्षें देवघराच्या फळीवर पडून होता; आंतील मजकूर कचेरीच्या इंग्रजींत होता.

त्याचा मथितार्थ असा: निवृत्तीपूर्वीं वैद्यकीय मंडळानें हवालदारास तपासलें, उच्च रक्तदाब आढळला, त्यामुळें येणारें अपंगत्व आजन्म शेंकडा 30 ठरलें, मात्र हा रोग लष्करी सेवेमुळें उद्भवलेला नाहीं व सेवेनें वाढलेलाही नाहीं, सबब अपंगत्वाचें वेतन नामंजूर. कारण एकच दिलें होतें: शांततेच्या ठाण्यावर असतांना रोग प्रथम दिसला.

खरें सांगावयाचें तर मलाही तो निर्णय रास्तच वाटला. रक्तदाबाची गोळी मी स्वतः बारा वर्षें घेत आहें, आणि छडीखेरीज कोणतेंही शस्त्र मीं आयुष्यांत हातीं धरलेलें नाहीं. तसें मीं त्याला बोलूनही दाखविलें. तो रागावला नाहीं. एवढेंच म्हणाला, “गुरुजी, भरतीच्या दिवशीं डॉक्टरांनीं मला नखशिखांत तपासलें, तेव्हां कागदावर हा रोग लिहिला होता का?”

या एका प्रश्नांत सारा कायदा सामावला आहे, हें मला पुढें वाचन केल्यावर कळलें.

गोळी लागलेला सैनिक आपला पुरावा अंगावर बाळगतो. रक्तदाबाचें तसें नाहीं. मोजमापाचा वरचा आंकडा 140 अगर खालचा 90 यांच्या पुढें वारंवार जाऊं लागला, म्हणजे डॉक्टर त्यास उच्च रक्तदाब म्हणतात. रोग्याला मात्र बहुधा कांहींच जाणवत नाहीं. हा रोग वर्षानुवर्षें मुकाट्यानें हृदय, मेंदू, मूत्रपिंडें आणि डोळे यांस इजा करीत राहतो. बहुतेकांच्या बाबतींत त्याचें एकच कारण दाखवितां येत नाहीं. आनुवंशिकता, मीठ, वजन, वाढतें वय, मनावरील ताण अशा अनेक गोष्टींचा त्यांत वांटा असतो. मग बर्फांतील चौकीवर काढलेल्या हिंवाळ्यांचा त्यांत किती भाग, हें सैनिकानें कसें सिद्ध करावें? आणि मुळींच भाग नाहीं, हें सरकारनें तरी कसें?

तेव्हां शंकेचा भार कोणी वाहावयाचा, हाच खरा प्रश्न. 1982 च्या नियमांनीं त्याचें उत्तर दिलें होतें. भरतीच्या वेळीं उमेदवार निकोप होता आणि त्याच्या कागदांवर रोगाची नोंद नाहीं, तर पुढें प्रकृतींत झालेला बिघाड सेवेमुळें झाला असें गृहीत धरावें. दावेदाराकडे पुरावा मागूं नये. रास्त शंका उरल्यास तिचा फायदा त्यालाच द्यावा. 2013 सालीं धरमवीर सिंग यांच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें हींच तत्त्वें उचलून धरलीं. रोग भरतीच्या वेळीं ओळखतां येण्यासारखा नव्हता असें मंडळास म्हणावयाचें असेल, तर त्यानें त्याचीं कारणें लिहिलीं पाहिजेत, असेंही बजावलें. तो खटला फेफऱ्याच्या विकाराचा होता. परंतु रक्तदाबाचे दावेदारही त्याचाच आधार घेत आले आहेत. पुढें 2008 चे नियम आले. तरीही जुलै 2025 मध्यें दिल्ली उच्च न्यायालयानें केंद्र सरकारच्या शेंकडों याचिका फेटाळतांना सांगितलें कीं, रोग शांततेच्या ठाण्यावर प्रकटला एवढेंच लिहून भागत नाहीं.

दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. रक्तदाब आज प्रत्येक व्यवसायांत आढळतो. प्रत्येक रोगाचें खापर सेवेवर फोडलें तर खऱ्या जखमींचा मान कमी होईल, असें म्हणणारे आहेत, आणि त्यांचें म्हणणें अगदींच पोकळ नाहीं. 2019 सालीं नरसिंग यादव यांच्या खटल्यांत मानसिक विकाराचा दावा सर्वोच्च न्यायालयानें मंडळाच्या मतास महत्त्व देऊन अमान्य केला. 21 सप्टेंबर 2023 पासून तर नवे नियम लागू झाले आहेत. तेव्हां प्रत्येक नामंजुरी अन्यायाचीच, असें मी म्हणत नाहीं. नामंजुरीला कारण असावें, आणि तें त्या माणसाची नोकरी पाहून दिलेलें असावें, एवढेंच माझें मागणें आहे.

आतां व्यवहाराचें बोलूं. नामंजुरीनंतर सहा महिन्यांच्या आंत पहिलें अपील करावयाचें. तें फेटाळल्यास दुसरें. आणि त्यानंतर 2007 च्या कायद्यानें स्थापन झालेल्या सशस्त्र सेना न्यायाधिकरणाकडे जावयाचें. त्याचें एक खंडपीठ मुंबईस आहे. उशीर झाला तरी दार अगदींच बंद होत नाहीं. मात्र 2008 च्या तरसेम सिंग खटल्यापासून थकबाकी सामान्यतः दाव्यापूर्वींच्या तीन वर्षांचीच मिळते. म्हणजे फळीवरील लखोटा महिन्यामागून महिना पैसे खात असतो. भरतीची तपासणी, नोकरीच्या ठिकाणांची यादी, मंडळाचा अहवाल आणि नामंजुरीचें पत्र हे चार कागद जपून ठेवावे. मान्य झालेलें शेंकडा 30 अपंगत्व वेतनापुरतें 50 धरलें जातें. 2014 च्या राम अवतार खटल्यानंतर पूर्ण मुदत भरून निवृत्त झालेल्यांसही हा लाभ मिळूं लागला. शेवटच्या पगाराच्या शेंकडा 15 इतकी ती रक्कम होते. ज्या घरांत औषधाचा खर्च कायमचा आला, तेथें ती लहान नव्हे.

आमच्या हवालदाराचीं दोन्ही अपिलें एकेका छापील ओळींत परत आलीं. आतां त्याचा अर्ज न्यायाधिकरणापुढें आहे. तो अर्ज लिहितांना माझ्या ओटीवर बसून त्यानें आपल्या नोकरीची यादी सांगितली: कोणत्या चौकीवर किती हिंवाळे, कोठें किती महिने घरच्या पत्रावांचून. वर्गांत ज्याची हजेरी मीं रोज घेतली, तो पुढें चोवीस वर्षें कोठें होता हें मीं त्या दिवशीं प्रथम ऐकलें; आणि पहिल्या दिवशीं त्याला दिलेल्या उत्तराची मला लाज वाटली.

शहरांतील श्रोत्यांस एकच विनंती आहे. आपल्या इमारतीच्या फाटकाशीं किंवा बँकेच्या दारांत उभा असलेला पहारेकरी पुष्कळदां माजी सैनिक असतो. त्याच्याही घरीं असा एखादा लखोटा पडून असेल. त्यास विचारा, पत्र वाचून त्याचा अर्थ सांगा, आणि हेंही सांगा कीं ‘नामंजूर’ हा त्या पत्रांतला शेवटचा शब्द असला तरी कायद्यांतला नाहीं.