कंदरची केळी आणि निर्बंधांचा कायदा



उजनी धरणाच्या पाण्यावर सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळा, माढा तालुक्यांत जी-नाईन केळीच्या बागा उभ्या राहिल्या आणि कंदर-टेंभुर्णीचा पट्टा केळी निर्यातीचं केंद्र झाला. तेरा-तेरा किलोच्या खोक्यांतला हिरवा माल रीफर कंटेनरनं न्हावाशेवा बंदरात आणि तिथून आखातात जातो. त्यात इराण हे मोठं गिऱ्हाईक. पण इराणचं नाव निघालं की बँका हात आखडतात आणि बागाईतदाराच्या मनात पाल चुकचुकते: आपण काही बेकायदा तर करत नाही ना?

नाही. केळी विकणं बेकायदा नाही.

निर्बंध लादण्याचा अधिकार संयुक्त राष्ट्रांच्या सनदेच्या 41व्या कलमानं सुरक्षा परिषदेला दिलेला आहे. परिषदेचा ठराव भारतात पाळायचा तर त्याला आपल्या कायद्याचा आधार लागतो. तो आधार म्हणजे 1947 चा संयुक्त राष्ट्रे (सुरक्षा परिषद) अधिनियम. अगदी छोटा कायदा. केंद्र सरकार राजपत्रात आदेश काढतं, त्यात शिक्षेचीही तरतूद करू शकतं, आणि तो आदेश संसदेपुढे ठेवावा लागतो. उत्तर कोरियाविषयीचे ठराव 2017 मध्ये असेच लागू झाले. इराणवरचे सुरक्षा परिषदेचे ठराव अणुकार्यक्रम, क्षेपणास्त्रं, शस्त्रं आणि यादीत नावानिशी घातलेल्या व्यक्ती-संस्था यांच्याविषयी आहेत. केळी त्यांत कधीच नव्हती.

अमेरिकेचे निर्बंध वेगळे. भारत फक्त संयुक्त राष्ट्रांचे निर्बंध मानतो, एखाद्या देशाचे एकतर्फी निर्बंध मानत नाही, हे सुषमा स्वराज यांनी परराष्ट्रमंत्री असताना मे 2018 मध्ये जाहीरपणे सांगितलं होतं. भारताला निर्बंधांचंच वावडं आहे, असा याचा अर्थ कोणी काढू नये. वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडणारा पहिला देश भारत होता, तोही जुलै 1946 मध्ये, स्वातंत्र्याच्या आधी. स्वतःची निर्यात बुडवून घेतलेला तो निर्णय मला आजही अभिमानाचा वाटतो.

मग केळीचे पैसे अडकतात कुठे? डॉलरचा व्यवहार बहुतेक वेळा न्यूयॉर्कमधल्या बँकांतून जातो. 2014 मध्ये बीएनपी पारिबा या फ्रेंच बँकेला सुदान, इराण, क्यूबा यांच्याशी केलेल्या व्यवहारांपायी अमेरिकेत जवळजवळ 9 अब्ज डॉलरचा दंड भरावा लागला. ती धास्ती जगभरच्या बँकांच्या मनात बसली. अमेरिकेच्या स्वतःच्या नियमांतही अन्न आणि औषधांना सवलत आहे, पण ती तपासत बसण्यापेक्षा नाही म्हणणं बँकेला सोपं जातं. आपल्याकडे तर रिझर्व्ह बँकेनं डिसेंबर 2010 मध्येच इराणचा व्यापार आशियाई क्लिअरिंग युनियन या देशादेशांतली देणी भागवण्याच्या व्यवस्थेबाहेर काढला होता. 2012 पासून यूको बँकेतून रुपयांत वाट निघाली. आपण तेलाचे काही पैसे तिथे रुपयांत जमा करायचे, इराणनं त्यातून आपल्या निर्यातदारांची देणी भागवायची. मे 2019 मध्ये इराणी तेलाची खरेदी थांबली आणि त्या खात्यात नवी भर पडायची बंद झाली. तेलाशी काडीचाही संबंध नसलेल्या शेतकऱ्याला त्याची झळ लागली, आणि हा मला सरळसरळ अन्याय वाटतो.

वाट अडली म्हणून कागद खोटे करायचे नाहीत. माल इराणच्या बंदर अब्बासला जाणार असेल तर शिपिंग बिलावर दुबई लिहू नका. पैसे तिसऱ्याच देशातल्या पार्टीकडून येणार असतील तर रिझर्व्ह बँकेच्या नियमांत त्याला जागा आहे, पण ते बँकेला आधी सांगावं लागतं. खरेदीदार, त्याची बँक आणि जहाज, तिघांचीही नावं संयुक्त राष्ट्रांच्या यादीशी ताडून पाहा. ती यादी सर्वांना खुली आहे. आणि बँकेनं नकार दिला तर तो कोणत्या नियमाखाली, हे लेखी मागा.

हे सगळं एकेकट्या बागाईतदाराच्या आवाक्यातलं नाही. म्हणून जिल्ह्यातल्या शेतकरी कंपन्यांना, बाजार समित्यांना आणि निर्यातदारांना माझी कळकळीची विनंती आहे: सर्वांनी मिळून निर्बंधांच्या कायद्याचा एक जाणकार माणूस नेमा, आणि पुढच्या हंगामाची काढणी सुरू होण्याआधी नेमा.