जुन्या गोव्यातील गाव

चोर्ल्याचा घाट उतरून बेळगावचे एक कुटुंब सकाळीच जुन्या गोव्यात येते. आजी, आईवडील, थोरली मुलगी आणि धाकटा मुलगा. शहर म्हणजे पेठ, वाडे, बोळ अशी मुलाची कल्पना. येथे दिसते ती हिरवळ, माड आणि एकमेकांपासून दूर उभी असलेली चर्च. "बाबा, पण गाव कुठे आहे?" वडील हातातली माहितीपुस्तिका चाळतात. अशा पुस्तिकांत जे उभे राहिले त्याचीच नोंद असते.

बॉम जेझुस चर्च १६०५ साली पुरे झाले. त्यावरचा चुन्याचा गिलावा विसाव्या शतकात काढला गेला, त्यामुळे तांबडा जांभा उघडाच आहे. मुलगा त्याच्या खडबडीत भिंतीवर हात फिरवतो. आजी देवळाच्या सवयीने पायरीशी वहाणा काढते, आणि कोणी काही म्हणत नाही म्हणून अनवाणीच आत जाते. संत फ्रान्सिस झेवियर यांची चांदीची पेटी आणि समोरच्या सें कॅथेड्रलचा १७७६ मध्ये कोसळलेला मनोरा यांची हकिगत भराभर ऐकून होते.

मांडवीकाठच्या कमानीपाशी मात्र सर्वजण थबकतात. १५९९ साली व्हॉइसरॉय फ्रान्सिस्कु द गामा याने ती उभारली. वास्को द गामा हा त्याचा पणजोबा. नवा व्हॉइसरॉय गलबतातून उतरून हिच्यातूनच शहरात शिरे. नदीकडे वास्कोची मूर्ती आहे. शहराकडे तोंड करून हाती तलवार घेतलेली संत कॅथरीन उभी आहे. १५१० मध्ये अल्बुकर्कने शहर घेतले तो तिच्या सणाचा दिवस होता. तिच्या पायांखाली एक पुरुष आडवा पडला आहे.

"हा खालचा कोण?" थोरली विचारते.

"इथलाच कोणी असेल," आजी म्हणते.

तलवारीच्या बळावर घेतलेले हे शहर पुढे रोगराईने रिते केले. साथीमागून साथी आल्या. ज्यांना शक्य होते ते मांडवीच्या मुखाकडे सरकले, आणि १८४३ साली पणजीला राजधानीचा मान मिळाला. १८३५ मध्ये मठ बंद पडले होते. संत ऑगस्टीनच्या चर्चची कमानदार छते १८४२ मध्ये खचली. आज तेथे ४६ मीटरांचा मनोरा अर्ध्या अंगाने उभा आहे. रिकाम्या इमारतींचा दगड तर नव्या राजधानीच्या बांधकामांसाठी वाहून नेला गेला.

संध्याकाळी पणजीत एका जुन्या घराच्या भिंतीचा पोपडा निघालेला दिसतो. आत तोच तांबडा जांभा. मुलगा वाकून त्यावर हात ठेवतो. "बाबा, हा तिथला असेल का हो?" आई त्याला पुढे ओढते. आजी मात्र मागे वळून त्या भिंतीकडे पाहत राहते.