चुकायला मोकळी जागा

(अंकुशनगर, जि. जालना येथे स्त्रियांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



शर्यत म्हटली की आपल्याकडे आधी शंकरपट आठवतो. जोडी सुटते, धुरळा उडतो, आणि बाया असल्याच तर लांब कडेला, पदर तोंडाला लावून. अमरावती जिल्ह्यात तळेगाव दशासरच्या पटात बायकाही जोडी हाकतात, पण तो अपवाद. मी आज ज्या शर्यतीच्या रस्त्याविषयी बोलणार आहे तो मोटारगाड्यांचा आहे, आणि इथून खूप लांब, चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई या गावी आहे. ‘बायांनी गाडी शिकावी का’ या विषयावर बोला, असा निरोप मला आला होता. शिकावी का, हा प्रश्न मी बाजूला ठेवते. कुठं आणि कशी शिकावी यावर बोलते, कारण आपलं घोडं तिथंच अडलेलं आहे.

तुमच्यापैकी काहींनी डायना पुंडोले हे नाव वाचलं असेल. पुण्याच्या आहेत, शिक्षिका होत्या, दोन मुलांच्या आई आहेत. २०२४ साली त्यांनी मोटार शर्यतीचं राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवलं, तेही सलून गटात, म्हणजे आपल्या रोजच्या गाडीसारख्या दिसणाऱ्या बंद मोटारींच्या गटात. असं अजिंक्यपद मिळवणारी पहिली भारतीय स्त्री म्हणून त्यांची नोंद झाली. या शर्यतीत बायांची रांग वेगळी नसते. पुरुषांच्या शेजारी गाडी उभी करायची आणि एकाच इशाऱ्याला सुटायचं. वर्तमानपत्रांनी ‘दोन मुलांची आई’ असे मथळे दिले. पुरुष जिंकला की तो किती लेकरांचा बाप आहे, हे कुणी छापत नाही!

पण मला त्यातलं दुसरंच महत्त्वाचं वाटलं. पुंडोले या खेळात आल्या त्या २०१८ साली, स्त्रियांसाठी मुद्दाम घेतलेल्या एका निवड-शिबिरातून. म्हणजे कुणीतरी फाटक उघडलं, आत बोलावलं, शिकवलं. मग सहा वर्षांनी पद मिळालं. इटलीच्या मारिया तेरेसा दे फिलिपिस १९५८ साली फॉर्म्युला वनच्या शर्यतीत उतरल्या, त्या या सर्वोच्च शर्यतीतल्या पहिल्या स्त्री. तुला काही वेगात गाडी चालवता यायची नाही, असं त्यांचे भाऊ चिडवायचे, पैज लावायचे. त्यातून त्यांनी सुरुवात केली. इटलीतले भाऊ आणि अंबड तालुक्यातले भाऊ यांत फार फरक दिसत नाही.

मागच्या वर्षी मी स्वतः त्या चेन्नईजवळच्या रस्त्यावर गाडी चालवली. मी शर्यत केलेली नाही. तिथं नवशिक्यांना शिकवण्याचे दिवस असतात. आपलीच गाडी घेऊन जायचं, पैसे भरायचे आणि शिकायचं. पैसे आपल्यासारख्यांच्या खिशाला परवडणारे नाहीत, हे आधीच सांगते. एम.एस.डब्ल्यू.ला माझ्याबरोबर असलेली एक मैत्रीण चेन्नईला असते. गाडी तिची, पैसेही तिनंच भरले. मी बरीच वर्षं गाडी चालवते, गावोगाव फिरते, पण तिथं मी पहिलीतली पोर होते.

रस्ता १९९० सालचा आहे. सुमारे ३.७ किलोमीटर लांब, १२ वळणं, आणि फिरून आलं की पुन्हा निघालो तिथंच. सकाळचा बराच वेळ तर गाडी हललीच नाही. आधी सगळ्यांना बसवून निशाणं शिकवली. पिवळं दिसलं की पुढं धोका आहे, वेग कमी करा, कुणाला ओलांडू नका. लाल दिसलं की सगळ्यांनी हळूहळू परत या. निळं म्हणजे मागून जास्त वेगाची गाडी येते आहे. काळ्या-पांढऱ्या चौकड्यांचं म्हणजे संपलं. मग गाडीची तपासणी. आतलं सुटं सामान सगळं बाहेर काढायला लावलं, पाण्याची बाटलीसुद्धा. बाटली गडगडत ब्रेकच्या खाली गेली तर ब्रेक दाबलाच जात नाही. ओढणी काढा, केस बांधा, पायात बूट, डोक्यावर हेल्मेट. समोरून एकही गाडी येणार नाही, मधे गुरं नाहीत, शाळेची पोरं नाहीत, तरी हेल्मेट!

पहिल्या फेऱ्या शिक्षकाच्या गाडीमागून, रांगेनं, अगदी सावकाश. रस्ता डोळ्यांत बसावा म्हणून. त्यानंतर शिक्षक शेजारच्या सीटवर येऊन बसले. माझे हात स्टिअरिंगवर इतके घट्ट होते की बोटं पांढरी पडली होती. त्यांनी पहिली गोष्ट सांगितली ती हाताची नव्हतीच, डोळ्यांची होती. बॉनेटकडं बघू नका, वळण जिथं सुटतं तिथं बघा. डोळे जिकडं जातात तिकडं हात जातात. भिंतीकडं बघाल तर गाडी भिंतीकडंच नेाल. दुसरी गोष्ट, ब्रेक वळणाच्या आधी, गाडी सरळ असतानाच लावायचा, मग वळायचं, आणि चाकं सरळ होऊ लागली की वेग द्यायचा. का? टायरची रस्त्यावरची पकड ठरावीकच असते. ती सगळी ब्रेकवर खर्चली तर वळायला काही उरत नाही. मुकादमाकडून घेतलेली उचल दिवाळीतच संपली की हंगामात हातात काय पडतं, ते तुम्हाला मी सांगायला नको.

तीन-चार फेऱ्यांनंतर माझ्या एक गोष्ट लक्षात आली. मागून कुणी हॉर्न वाजवत नव्हतं. ‘बाई चालवते वाटतं’ असं म्हणत खिडकीतून वाकून बघणारं कुणी नव्हतं. माझे खांदे खाली आले, बोटं सैल झाली. इतक्या वर्षांत गाडी चालवताना मी निम्मं लक्ष रस्त्याकडं आणि निम्मं लोकांकडं ठेवत होते, हे मला तिथं कळलं.

आमच्यात एक पंचविशीतली मुलगी होती. एका वळणावर तिनं ब्रेक उशिरा लावला आणि गाडी रस्ता सोडून कडेच्या मातीत गेली. पिवळं निशाण हललं. माती उडाली, गाडी थांबली, तिला काही झालं नाही. ती जागा त्यासाठीच मोकळी सोडलेली असते. नवीन माणूस चुकणार हे धरून रस्ता आखलेला असतो. ती परत आली तेव्हा रडवेली झाली होती. शिक्षकांनी एवढंच विचारलं, ब्रेक कुठं लावलास? आता त्याच्या बराच आधी लाव. गाडी पुन्हा तपासली आणि तिला पुन्हा सोडलं. बस्स.

शेवटची फेरी हळू घ्यायची असते, तापलेले ब्रेक निवावेत म्हणून. थांबल्यावर हँडब्रेकही ओढायचा नाही, गाडी गिअरमध्ये ठेवायची. बारीकसारीक सगळं सांगतात, कुणाला विचारायची लाज वाटू देत नाहीत.

आता आपल्याकडं या. आपल्या बाया गाडी शिकतात ती कुठं? हंगामात, एका ट्रॅक्टरमागं दोन ट्रॉल्या, त्यावर उसाचा डोंगर, मागं धड दिवा नाही, अशा रस्त्यावर. शेजारी नवरा किंवा दीर. गाडी एकदा बंद पडली, मागच्यानं हॉर्न दिला, की ‘ठेव ते, तुझ्यानं व्हायचं नाही’. पहिल्या चुकीला निकाल लागतो आणि ती बाई पुन्हा कधी स्टिअरिंगला हात लावत नाही. मग म्हणायचं, बायांना गाडी जमत नाही.

कायदासुद्धा बाईला मागंच बसवतो. मोटारसायकलच्या मागच्या चाकाला जाळी असते, तिला आपण साडी गार्ड म्हणतो. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतच ती आहे, मागं बसणाऱ्याचे कपडे चाकात अडकू नयेत म्हणून. जाळी हवीच, तिनं किती जणींचे जीव वाचवले असतील. पण साडी कुठं असणार हे नियम करणाऱ्यांनी गृहीतच धरलेलं होतं.

ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. बाई ऊस तोडते, मोळी बांधते, डोक्यावरून ट्रॉलीत चढवते आणि शेवटी त्याच उसावर बसून येते. ट्रॅक्टर मात्र ती चालवत नाही. वाहतुकीचा पैसा चालवणाऱ्याच्या बाजूला आहे, हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता.

एक गोष्ट सांगते. नाव नाही सांगत, गावही नाही. रात्री दोनला एका बाईच्या मालकाच्या छातीत दुखायला लागलं. दारात जीप उभी, किल्ली खुंटीला. तिनं चार घरं उठवली. चौथ्या घरी चालवणारा भेटला. तो मालक वाचला, पण ती मला म्हणाली, “ताई, गाडी आमची, हप्ते मी बी मजुरी करून फेडले, अन् मीच दारात गाडी असून लोकायचे उंबरे हिंडत व्हते.” त्या रात्रीच्या पाऊण तासाचा हिशेब तिनं अजून सोडलेला नाही.

जमत नाही म्हणणाऱ्यांना सांगा, २०२३ च्या जूनमध्ये अर्चना अत्राम यांनी सासवडहून नीरेला एसटी नेली, प्रवाशांनी भरलेली. त्यांनाही आधी महामंडळानं शिकवलं होतं.

म्हणून माझं मागणं साधं आहे. आपल्या कारखान्याचा गळीत हंगाम संपला की उसाच्या गाड्या उभ्या राहतात ते आवार रिकामं पडतं. सपाट, कुंपणाचं, समोरून कुणी येत नाही. हंगाम संपल्यानंतर दर रविवारी सकाळी दोन तास ते बायांना गाडी शिकायला मिळावं, असा अर्ज मी लिहून आणला आहे. फक्कीनं आठचा आकडा आखू, विटा ठेवून वळणं करू. विटेला धक्का लागला तर वीट पडेल, बाकी काही नाही. शिकवायला लायसन्सवाली बाई मिळाली तर उत्तम. पुरुष असला तर तो हसणारा नको आणि ओरडणारा नको, ही अट अर्जात घातली आहे. नवऱ्यांनी त्या दोन तासांत फाटकाबाहेर थांबावं. चहा त्यांनी करून आणला तर हरकत नाही.

अठरा पूर्ण झालेल्यांनी आधी शिकाऊ लायसन्स काढायचं. ते आता आधार कार्डावर ऑनलाइन परीक्षा देऊन मिळतं आणि सहा महिने चालतं. तीस दिवसांनंतर पक्क्या लायसन्सची चाचणी देता येते. ज्यांना मोबाइलवर जमत नाही त्यांच्याजवळ मी बसेन. शिकताना गाडीला ‘एल’ची पाटी आणि शेजारी लायसन्सवालं माणूस हवंच.

अर्ज पुढं फिरवते आहे. सही येत नसेल तिनं अंगठा द्या, पण स्वतःचा द्या, घरच्यांना विचारून उद्या देते असं म्हणू नका. कुणाच्या घरी जुनी जीप किंवा छोटा ट्रॅक्टर आहे तेही नावापुढं लिहा. आणि पहिल्या दिवशी येताना पायात चप्पल नको, बूट घाला, पोरांचे असले तरी चालतील. पदर खोचून या.