मोबाईलवरील मानसिक आधार : चाचणीपूर्वीचा विचार
(वार्षिक सभेतील भाषण)



मोबाईलवरून मानसिक आधार देणाऱ्या उपचारांची चाचणी आपल्या कारंजा (घाडगे) परिसरात घ्यावी, अशी सूचना आहे. तिचे आम्ही स्वागत करतो; परंतु अडचणी मांडणे आमचे कर्तव्य आहे.

पहिली अडचण गळतीची. ऑनलाइन चाचण्यांत पुष्कळजण मध्येच थांबतात. गुंथर आयसेनबाख यांनी २००५ साली यास 'गळतीचा नियम'च म्हटले. थांबलेला बरा झाला, कंटाळला की संकटात सापडला, हे पडद्यावरून कळत नाही. नापिकी व कर्जाने गांजलेल्या विदर्भात या मौनाचा अर्थ चुकणे परवडणारे नाही.

दुसरी अडचण संमतीची. घरात एकच फोन असेल, तर सुनेने लिहिलेली व्यथा इतरांच्याही दृष्टीस पडते. 'मान्य' या शब्दावर ठेवलेले बोट म्हणजे समजून दिलेली संमती नव्हे.

'विश्राम' प्रकल्पात अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत कार्यकर्ते लोकांपर्यंत स्वतः पोहोचले. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार नैराश्यग्रस्तांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले.

म्हणून आमची विनंती अशी, की चाचणीची नोंदणी व नैतिकता समितीची मान्यता यांसोबतच, ज्याची उत्तरे थांबतील त्याची गुप्तता राखून भेट घेणाऱ्या कार्यकर्त्याची तरतूद अंदाजपत्रकात व्हावी. ती होणार नसेल, तर चाचणी सुरू करू नये. तोवर गरजूंना शासनाच्या 'टेलि-मानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांक आपण सर्वांनी अवश्य सांगावा.