मृत्युपत्र आणि वकिलाची निवड



मुलीसाठी स्थळ पाहताना घरातील कर्ता पुरुष चार ठिकाणी चौकशी करतो. घर बांधायचे झाले तर गवंड्याची आधीची कामे पाहून येतो. परंतु आयुष्यभराच्या कष्टांनी उभ्या केलेल्या मिळकतीची पुढील व्यवस्था कोणाच्या सल्ल्याने करावी, याचा विचार तो बहुधा करीतच नाही. मृत्युपत्राचा विषय काढणे अनेक घरांत अशुभ मानले जाते. मग कर्त्याच्या निधनानंतर सख्खी भावंडे न्यायालयात समोरासमोर उभी राहतात आणि वृद्ध मातेला डोक्यावरच्या छपराची चिंता लागते.

मृत्युपत्र साध्या कागदावर करता येते. त्यास मुद्रांक शुल्क नाही. 1908 च्या नोंदणी कायद्यानुसार त्याची नोंदणीही ऐच्छिक आहे. 1925 च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याप्रमाणे करणाऱ्याची सही आणि किमान दोन साक्षीदारांचे साक्षांकन असले की पुरे. मग वकील हवा कशाला? कारण मृत्युपत्रातील चूक उघडकीस येते तेव्हा ती सुधारणारा हयात नसतो.

अशा चुका नेहमीच्याच आहेत. वडील संपूर्ण वडिलोपार्जित शेत एका मुलाच्या नावे लिहून ठेवतात. वस्तुतः त्यांना केवळ स्वतःच्या हिश्श्यापुरता अधिकार असतो आणि 2005 च्या दुरुस्तीनंतर कन्याही जन्मतः सहहिस्सेदार आहे. कोणी नामनिर्देशन केले म्हणून निश्चिंत राहतो. परंतु नामनिर्देशित व्यक्ती केवळ त्या कारणाने मालक होत नाही. समभागांच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2023 मध्ये हेच स्पष्ट केले. निपुत्रिक विधवेची स्वकष्टार्जित मिळकत, मृत्युपत्र नसल्यास, 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानुसार तिच्या आईवडिलांच्या आधी पतीच्या वारसांकडे जाते. नोकरी करणाऱ्या किती भगिनींना हे ठाऊक आहे?

योग्य वकील शोधावा कसा? वकिलांना जाहिरात करण्यास बार कौन्सिलच्या नियमांनी मनाई आहे. त्यामुळे विचारपूस हाच खरा मार्ग. बँकेतील परिचित अधिकारी, सनदी लेखापाल, ज्यांनी वाटणीपत्र वा मृत्युपत्र करून घेतले आहे असे शेजारी यांना विचारावे. फौजदारी खटल्यांत नाव कमावलेला वकील या कामास उपयुक्त असेलच असे नाही. दिवाणी आणि वारसाहक्काच्या कामाचा अनुभव पाहावा. त्याची सनद महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलची आहे, याची खात्री करावी. शक्यतो मिळकत जेथे आहे त्या तालुक्यातील किंवा शहरातील वकील निवडावा. सातबारा, फेरफार, मिळकत पत्रिका, गृहनिर्माण संस्थेचे भागपत्र यांतील अडचणी स्थानिक माणसास लवकर उमगतात. शुल्क आधीच ठरवून लेखी घ्यावे. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने स्त्रियांना विनामूल्य विधी साहाय्याचा हक्क दिला आहे. गरजू भगिनींनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अवश्य चौकशी करावी.

पहिल्या भेटीतच वकिलाची पारख होते. मिळकत स्वतःची की वडिलोपार्जित, कर्ज किती, वारस कोण, पत्नीच्या निवासाची सोय काय, असे प्रश्न जो आधी विचारतो तो विश्वासास पात्र. नाव-गाव घालून छापील मसुदा पुढे करणाऱ्यास नम्रपणे नमस्कार करून निघावे. तसेच वकील मुलाने आणलेला नसावा. ज्याला लाभ मिळणार त्याने मृत्युपत्र करण्यात पुढाकार घेतला, तर न्यायालय त्याकडे संशयाने पाहते. वडिलांनी वकिलाशी एकांतात बोलावे. साक्षीदार लाभार्थी नसावेत, वयाने लहान आणि जवळपास राहणारे असावेत. कारण पुढे वाद झाल्यास त्यांच्यापैकी एकाला तरी साक्ष द्यावी लागते. उतारवयात मृत्युपत्र करताना डॉक्टरांचे प्रमाणपत्र सोबत जोडणे हिताचे.

एकदा केलेले मृत्युपत्र हयातीत केव्हाही बदलता येते. शेवटचे तेच खरे. त्यामुळे ते करण्यात गमावण्यासारखे काही नाही. प्रकृती धडधाकट असताना, मुलांमध्ये गोडवा असतानाच हे काम उरकावे. पुढील पिढीसाठी घर बांधणाऱ्याने ते घर एकत्र राहील याचीही तजवीज करावी, हा गृहस्थधर्माचाच भाग आहे.