गाडी आधी दारात येऊ द्या

व्हीलचेअर आत नेता येईल अशी गाडी ऑनलाइन घ्यावी की प्रत्यक्ष बघून, असा आजचा विषय. त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे : प्रत्यक्ष जाणं सगळ्यांना जमतं. आपल्या गावातली एखादी शोरूम डोळ्यांपुढे आणा. रस्त्यापासून तीन पायऱ्या, आत गुळगुळीत फरशी, गाड्या इतक्या खेटून उभ्या की दार पुरतं उघडत नाही. जिच्यासाठी गाडी घ्यायची ती बाई बाहेर फुटपाथवर, आणि विक्रेता आत तिच्या भावाला मायलेज सांगतोय. याला प्रत्यक्ष खरेदी म्हणायला मी तयार नाही.

मग लोक मोबाइलकडे वळले तर नवल काय? आपल्याकडे गाडी एकाकडून घ्यायची आणि रॅम्प किंवा बाहेर वळणारी सीट दुसऱ्याकडून बसवायची, अशीच बहुतेकांची तऱ्हा. हा दुसरा माणूस आपल्या जिल्ह्यात असेलच असं नाही. त्याला शोधायला, त्याचं काम व्हिडिओत बघायला, दोन-तीन जणांचे दर ताडून बघायला घरबसल्या शोधण्याइतकं सोयीचं काही नाही. इथपर्यंत ऑनलाइनला माझे पूर्ण गुण.

पुढे मात्र मापं येतात. वॅगनआरच्या माहितीपत्रकात उंची 1675 मिलिमीटर लिहिलेली असते. ती रस्त्यापासून छतापर्यंतची. खुर्चीतच बसून मागून आत शिरायचं तर मागच्या दाराची चौकट किती उंच, हे हवं. ते त्या पत्रकात शोधून पाहा. तुमच्या बाजूचं माप घरीच निघतं. माणसाला त्याच्या नेहमीच्या खुर्चीत, नेहमीच्या गादीवर बसवा आणि जमिनीपासून डोक्यापर्यंत टेप लावा. गादीचे चार सेंटिमीटर विसरले, तर कपाळ चौकटीवर आपटतं.

आता रॅम्प. व्हिडिओत एक तरुण हसत हसत रिकामी खुर्ची वर ढकलतो. आपण गणित करू. गाडीचा आतला तळ जमिनीपासून 60 सेंटिमीटर आणि रॅम्प 180 सेंटिमीटर लांब धरा. चढ झाला जवळपास 20 अंशांचा. माणूस 80 किलोचा, खुर्ची 20 किलोची. म्हणजे ढकलणाऱ्याला सुमारे 33 किलोचा जोर सतत लावायचा, आणि उतरताना तेवढाच मागे खेचून धरायचा. ढकलणारी बहुधा साठीतली आई असते. इमारतींसाठी 12 मीटरला 1 मीटर एवढाच चढ योग्य मानतात. त्या हिशेबानं इथं सात मीटरांहून लांब रॅम्प लागेल. तो कुठल्या गाडीत मावणार? म्हणून अमेरिकेत गाडीचा तळच खाली घेण्याचा मार्ग निघाला. स्वतः व्हीलचेअर वापरणाऱ्या राल्फ ब्रॉन यांच्या इंडियानातल्या कंपनीनं 1991 मध्ये अशी मिनीव्हॅन बाजारात आणली. चढ कमी होतो आणि डोक्यावरची जागाही वाढते. खर्च मात्र भरपूर.

खुर्चीत बसून प्रवास करायचा तर खुर्ची कशाला बांधली आहे हे वाकून, हात लावून बघायला हवं. चार पट्टे खुर्चीला आणि माणसाला वेगळा तीन-बिंदूंचा पट्टा. खुर्चीचा पट्टा आणि माणसाचा पट्टा एकच असेल तर तिथूनच परत फिरा. पट्ट्यांचे हूक गाडीच्या सांगाड्यात पक्के हवेत. गालिच्याखालच्या प्लायवूडमध्ये ठोकलेला हूकही फोटोत तितकाच छान दिसतो. वाहनात आसन म्हणून वापरायच्या खुर्च्यांसाठी आयएसओ 7176-19 हे मानक आहे. त्यात ताशी 48 किलोमीटरच्या धडकेची चाचणी असते. तुमच्या खुर्चीची ती झालेली आहे का, हेही विचारा.

तेव्हा माझं मत सांगतो. माणसानं गाडीकडे जाऊ नये, गाडीनं माणसाच्या दारात यावं. पैसे गिऱ्हाइकाकडून घ्यायचे असतील तर विक्रेत्यानं गाडी गिऱ्हाइकाच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये आणावी, आणि गिऱ्हाइकाच्याच खुर्चीसह ती जोखू द्यावी. रॅम्प मागे उघडतो की बाजूला, आणि उघडल्यावर शेजाऱ्याच्या गाडीवर आपटतो का, हे आपल्या आळीतच कळतं. गाडीत बदल करून देणारा परगावचा असेल तर त्यानं बांधलेली एखादी गाडी जवळ कुणाकडे आहे का ते विचारा, आणि तिच्यात अर्धा तास फिरून या.

जुनी गाडी ऑनलाइन घेताना आरसी आधी बघा. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे गाडीतल्या बदलाची नोंद आरटीओत व्हावी लागते. 2019 च्या दुरुस्तीनं अपंगांसाठी बदल केलेल्या वाहनाची व्याख्याच कायद्यात आली, तेव्हा 'हे चालतंच हो' यावर विसंबू नका. विमा कंपनीलाही बदल लेखी कळवा. कराचं म्हणाल, तर 22 सप्टेंबर 2025 पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी सगळ्यांनाच 18 टक्के झालाय. तेव्हा कर-सवलतीच्या दाखल्याचं आमिष दाखवून कुणी पैसे मागितले तर आधी चौकशी करा. गाडी लांबच्या विक्रेत्याकडून घेतलीत आणि बिनसलं, तर 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं तुम्ही राहता तिथल्या आयोगाकडे तक्रार करता येते. त्यासाठी बिलात फक्त 'मॉडिफिकेशन' एवढंच नको. रॅम्पची लांबी, तो किती वजन पेलेल, पट्ट्यांचा प्रकार, सगळं लिहून घ्या. आणि शेवटचा हप्ता, नोंद झालेली आरसी हातात आल्यावरच.