'पांढरं जातंय' म्हणजे नेमकं काय?

(रेवदंडा येथे महिला मंडळांच्या कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या कार्यक्रमाच्या कागदावर विषय लिहिलाय 'स्त्रियांचे आरोग्य'. पण इथे आपण सगळ्या बायकाच आहोत, तेव्हा सरळ बोलू. विषय आहे योनीमार्गात होणारी बुरशीची लागण. खाज, जळजळ आणि पांढरं जाणं. मी डॉक्टर नाही. मी समाजकार्याचं शिक्षण घेतलेली कार्यकर्ती आहे. तपासणी आणि औषध डॉक्टरांनीच द्यायचं. पण दवाखान्याच्या दारापर्यंत बाई पोचावी आणि तिथे तिला आपलं दुखणं नीट सांगता यावं, हे काम आपलं आहे.

या दुखण्याला आपल्याकडे नावं किती? कुणी म्हणतं 'अंगावरून पांढरं जातं', कुणी 'धुपणी', कुणी 'उष्णता झालीय'. लघवीला जळजळ झाली की 'उन्हाळी लागली'. सासूबाई म्हणतात, गरम खाऊ नकोस. शेजारीण म्हणते, सब्जाचं पाणी पी. या एका 'पांढरं जाणं' या शब्दाखाली चार-पाच वेगवेगळ्या गोष्टी लपलेल्या असतात. काही आजारच नसतात. काहींना एक औषध लागतं, काहींना दुसरं. म्हणून आधी ओळखायला शिकू.

पहिली गोष्ट, थोडा स्राव प्रत्येक बाईला असतो. दोन पाळ्यांच्या मध्ये तो अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा पारदर्शक, ताणला जाणारा असतो. पाळीच्या आधी थोडा घट्ट, पांढरट होतो. गरोदरपणी वाढतो. खाज नाही, आग नाही, घाण वास नाही, तर तो आजार नाही. त्यातून ताकद निघून जाते, हाडं झिजतात, हे खरं नाही. थकवा आणि कंबरदुखी असेल तर रक्त कमी आहे का, कामाचा बोजा किती आहे, हे बघायला हवं.

दुसरी गोष्ट बुरशीची लागण. तिचं शास्त्रीय नाव कॅन्डिडा. हिची मुख्य खूण खाज. झोप उडवणारी खाज. बाहेरचा भाग लाल होतो, सुजतो, खाजवून चिरा पडतात. त्यावर लघवी लागली की झोंबते. संबंधाच्या वेळी दुखतं. पांढरं जातं ते घट्ट, दह्याच्या कवड्यांसारखं. त्याला फारसा वास नसतो. तान्ह्या बाळाच्या तोंडात कधीकधी पांढरे थर येतात, पुसले तरी निघत नाहीत, ते याच बुरशीचे.

तिसरी, जंतूंचा समतोल बिघडून होणारा त्रास. यात पातळ, राखाडी स्राव आणि मासळीसारखा वास येतो. खाज कमी किंवा नाहीच. दिवसभर मासळीत काम करणाऱ्या बायकांना हा वास कामाचाच वाटतो आणि त्या दुर्लक्ष करतात. आंघोळीनंतरही वास राहत असेल तर दाखवायला हवं.

चौथी, ट्रायकोमोनास. पिवळट-हिरवट, फेसाळ, दुर्गंधी असलेला स्राव. ही लागण संबंधातून होते. म्हणून नवऱ्यानेही औषध घ्यावंच लागतं, नाहीतर बाई बरी होऊन पुन्हा आजारी पडते.

या खुणा उपयोगी आहेत, पण खुणांवर पूर्ण भिस्त ठेवू नका. अमेरिकेत २००२ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. दुकानातून स्वतःच बुरशीचं औषध विकत घेणाऱ्या ९५ बायकांची तपासणी केली, तर जेमतेम एक तृतीयांश बायकांना फक्त बुरशीची लागण होती. बाकीच्यांना दुसरंच काही, किंवा काहीच नव्हतं. शिकलेल्या, पैसे मोजून औषध घेणाऱ्या बायकांची ही गत. म्हणून पहिल्यांदा त्रास होतो तेव्हा तपासणी हवीच.

बुरशी का होते?

पाप केलं म्हणून नाही. अस्वच्छ राहिली म्हणूनही नाही. ही बुरशी बऱ्याच बायकांच्या अंगात थोडी असतेच, काही त्रास देत नाही. चारपैकी तीन बायकांना आयुष्यात एकदा तरी हिचा त्रास होतो असं डॉक्टर मानतात. योनीमार्गात आपले राखणदार जंतू असतात. दूध विरजणाऱ्या जंतूंच्याच जातकुळीतले. ते आतली जागा आंबट ठेवतात आणि बाकीच्यांना डोईजड होऊ देत नाहीत. हा तोल बिघडला की बुरशी वाढते.

तोल कशाने बिघडतो? सर्दी-तापासाठी घेतलेल्या अँटिबायोटिक गोळ्यांनी राखणदार जंतूही मरतात. गोळ्यांचा कोर्स झाला आणि आठवड्यात खाज सुरू झाली, असं कुणी सांगितलं तर हे आठवा. गरोदरपणात ही लागण जास्त होते. मधुमेहात रक्तातली साखर वाढली की होते. एच.आय.व्ही.मुळे किंवा स्टेरॉइडच्या गोळ्यांमुळे प्रतिकारशक्ती कमी झाली तरी होते. म्हणून वर्षातून तीन-चार वेळा त्रास होत असेल तर रक्तातली साखर तपासायलाच हवी. मधुमेहाचा पत्ता खाजेवरून लागतो असं कितीतरी वेळा होतं.

आता आपल्या किनाऱ्याचं बोलू. इथली हवा दमट. पावसाळ्यात कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत. बंदरावर मासळी निवडणारी, टोपली घेऊन अलिबागच्या बाजारात जाणारी बाई ओल्या कपड्यात तासन्‌तास असते. ओल आणि ऊब बुरशीला मानवते. ओले कपडे बदला, सुती आणि सैल आतले कपडे वापरा, उन्हात वाळवा, हे आम्ही सांगतो. पण बदलायचं कुठे? बाजारात बाईला आडोसा कुठे आहे? आतले कपडे परकराखाली लपवून वाळत घालायला तिला शिकवलं कुणी? पुरुषाचा लंगोट दोरीवर उघडा वाळतो, बाईचा कपडा मात्र लाजेचा विषय. सल्ला देताना हे प्रश्नही विचारले पाहिजेत. बाजारात बायकांसाठी पाणी असलेलं स्वच्छतागृह ही आरोग्याचीच मागणी आहे.

उपचार

बुरशीचा उपचार सोपा आणि स्वस्त आहे. योनीमार्गात ठेवायची क्लोट्रिमॅझोलची गोळी मिळते. डॉक्टर ती कधी ५०० मिलिग्रॅमची एकच देतात, कधी कमी ताकदीच्या तीन ते सहा दिवस देतात. रात्री झोपताना ठेवायची, म्हणजे ती आत राहते. दोन दिवसांत खाज थांबली तरी जेवढे दिवस सांगितले तेवढे पुरे करायचे. दुसरा मार्ग, तोंडाने घ्यायची फ्लुकोनॅझोलची १५० मिलिग्रॅमची एक गोळी. ही गोळी गरोदर बाईने घ्यायची नाही. तिच्यासाठी आत ठेवायचं औषधच, सात दिवस, तेही डॉक्टरांना विचारून. दुसऱ्या कोणत्या गोळ्या चालू असतील तर त्याही डॉक्टरांना सांगा. आणि एक लक्षात ठेवा, आत ठेवायच्या काही औषधांनी निरोध कमकुवत होतो. त्या दिवसांत त्याच्यावर विसंबू नका.

पुन्हा पुन्हा होणाऱ्या लागणीला एक गोळी पुरत नाही. तिला काही महिने चालणारा उपचार लागतो. तो डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायचा.

आता काय करू नये ते. डेटॉलच्या पाण्याने, लिंबाने, तुरटीने आतून धुऊ नका. राखणदार जंतू धुतले जातात, कातडी भाजते आणि बुरशी राहते तिथेच. योनीमार्ग स्वतःला आतून साफ ठेवतो. बाहेरून साधं पाणी पुरे.

दुसरं, 'खाजेचं मलम'. मेडिकलच्या दुकानात पुरुषमाणूस जातो, 'खाजेचं काहीतरी द्या' म्हणतो. त्याला जी ट्यूब मिळते, तिच्यात बऱ्याचदा बुरशीचं औषध, अँटिबायोटिक आणि जोरदार स्टेरॉइड एकत्र असतं. स्टेरॉइडने खाज झटकन थांबते, म्हणून बाई खूष. पण आत बुरशी फोफावते, कातडी पातळ होते. मलम सोडलं की खाज दुप्पट. पुन्हा तीच ट्यूब. अशी स्टेरॉइडची मलमं चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम केंद्र सरकारने २०१८ साली केला. आपल्या गावात तो पाळला जातो का, हे मंडळाने जाऊन बघावं.

घरातलं राजकारण

बाईला असं काही झालं की घरात संशय येतो. 'कुठून आणलंस?' म्हणून स्पष्ट सांगा: बुरशीची लागण हा बाहेरख्यालीपणाचा पुरावा नाही. एकाही पुरुषाच्या संबंधात न आलेल्या मुलीलाही ती होते. नवऱ्याला खाज किंवा पुरळ नसेल तर त्याला औषधाची गरज नसते. पण दुखत असताना 'आज नको' म्हणण्याचा बाईचा हक्क आहे, हेही त्याच दमात सांगायला हवं. कितीतरी बायका दुखणं सोसून गप्प राहतात, कारण 'नको' म्हटलं की मार किंवा टोमणा ठरलेला.

ही गप्प राहण्याची सवय किती महाग पडते? डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी केली. तो अभ्यास १९८९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात छापून आला. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोगांपैकी किंवा लैंगिक आजारांपैकी एक तरी आजार होता. तक्रार सांगणाऱ्या होत्या ५५ टक्के. आणि त्याआधी कधी अशी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. तोवर सरकारच्या लेखी बाई म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन. पोटात मूल नसलेल्या बाईच्या दुखण्याला रकानाच नव्हता. या अभ्यासाने तो रकाना उघडायला भाग पाडलं.

आज सरकारी दवाखान्यात या आजारांवर मोफत उपचार आहेत. तालुक्याच्या ठिकाणी, अलिबागला, जिल्हा रुग्णालय आहे. तिथे जाताना काय मागायचं ते लिहून घ्या. आडोशात तपासणी. पुरुष डॉक्टर असतील तर सोबत एक बाई. काय करणार ते आधी सांगणं. शक्य असेल तर स्रावाचा नमुना काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघणं. ही तपासणी थोड्या मिनिटांची आणि स्वस्त आहे, बुरशी आहे की दुसरं काही ते तिच्यातून बऱ्याचदा कळतं. लग्न न झालेल्या मुलीला पाहिलं की नजर बदलते, प्रश्न बदलतात. तिच्याबरोबर आपल्यापैकी कुणीतरी जायलाच हवं.

काही खुणांवर थांबायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे: ओटीपोटात दुखणं आणि ताप, फोड किंवा जखम, संबंधानंतर किंवा पाळी गेल्यानंतर रक्त दिसणं, रक्तमिश्रित घाण स्राव, गरोदरपणातला त्रास, आणि लहान मुलीला असं काहीही होणं. पाळी गेल्यानंतरचं रक्त गर्भाशयाच्या किंवा त्याच्या तोंडाच्या कॅन्सरची खूण असू शकते. आणि लहान मुलीच्या बाबतीत अत्याचाराची शक्यता मनात ठेवून, तिला न घाबरवता विचारायचं.

शेवटी कामाचं बोलू. पुढच्या महिन्यात प्रत्येक मंडळाने तीन गोष्टी कराव्यात. बैठकीत आज सांगितलेल्या चार खुणा आपल्या शब्दांत सांगाव्यात. आशाताईंना बरोबर घेऊन, दवाखान्यात बायकांची तपासणी कोणत्या दिवशी होते, तिथे आडोसा आणि सूक्ष्मदर्शक आहे का, हे विचारून यावं. आणि ज्या बाईला एकटीने जायची लाज वाटते तिच्याबरोबर जावं. गुडघा दुखला तर आपण ओसरीवर बसून मोठ्याने सांगतो. या दुखण्याबद्दलही तसंच बोलता यायला हवं. आता तुमचे प्रश्न विचारा. ज्यांना उभं राहून विचारायचं नसेल त्यांनी चिठ्ठीवर लिहून द्या, नाव घालायची गरज नाही.